ट्रेलरचे दिवे: थेट वायर की आयसोलेटर?

मोटारसायकलच्या मागे ट्रेलर लागला की तिचे स्वतःचे मागचे दिवे ट्रेलरच्या पेटीआड जातात. मागून येणाऱ्याला टेल लाइट, ब्रेक लाइट आणि डावा-उजवा इंडिकेटर दिसायचे तर ते ट्रेलरवर पुन्हा बसवावे लागतात, आणि त्यांना वीज पुरवायची ती मोटारसायकलनेच. काम म्हटले तर चार-पाच वायरींचे. पण त्या कुठून आणि कशा काढायच्या यावर अमेरिकेतल्या टूरिंग मोटारसायकलवाल्यांत सरळ दोन तट पडलेले आहेत.

प्रश्न अमेरिकेचा म्हणायचा, कारण हा शौक तिथे रुजला. होंडाची गोल्ड विंग 1975 च्या मॉडेलपासून तिथे विकली जाते. 1988 मध्ये तिची सहा सिलिंडरची जीएल1500 आली आणि 2001 च्या मॉडेलपासून 1832 सीसीची जीएल1800. हार्ले-डेव्हिडसनच्या टूरिंग गाड्या आणि बीएमडब्ल्यूची के1600 याच पंगतीतल्या. दोघांनी हजारो किलोमीटर फिरायचे, बरोबर तंबू, अंथरूण-पांघरूण, स्टोव्ह, पाण्याचे कॅन घ्यायचे, तेव्हा बाजूच्या पेट्या पुरत नाहीत. गंमत अशी की ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही, असे होंडाच्या मालकपुस्तिकेतच छापलेले असते. हौस मात्र पुस्तिकेला विचारत नाही. हुकापासून वायरिंगपर्यंत बहुतेक सामान बाहेरच्या उत्पादकांचे घ्यायचे आणि घरच्या गॅरेजात बसवायचे, ही तिथली रीत.

दोन तटांपैकी एकाला इथे मिस्त्री म्हटले आहे आणि दुसऱ्याला अभियंता. मिस्त्रीचा हात कार्ब्युरेटरच्या काळापासून वायरीत आहे, आणि गाडीत जितके कमी भाग तितकी ती निरोगी, असे त्याचे मत. अभियंता प्रत्येक जोडणीकडे पाहताना आधी एकच विचारतो: हे बिघडले तर काय काय बंद पडेल?

आधी ट्रेलरची गरज पाहू. अमेरिकेत लहान ट्रेलरसाठी चार पिनांचा चपटा कपलर रूढ आहे. पांढरी वायर अर्थ, तपकिरी टेल लाइट, पिवळी डावीकडचा इंडिकेटर आणि ब्रेक, हिरवी उजवीकडचा इंडिकेटर आणि ब्रेक. पिवळ्या-हिरव्या वायरींवर दोन-दोन कामे आहेत, कारण अनेक अमेरिकी मोटारींत मागचा एकच लाल दिवा ब्रेक दाबल्यावर लागतो आणि वळताना तोच मिचकतो. भारतात वळण्याचा दिवा पिवळसर आणि वेगळा पाहायची सवय असल्याने आपल्याला हे चमत्कारिक वाटते. ब्रिटनमध्येही सात पिनांच्या कपलरवर ब्रेकची लाल वायर वेगळी आणि डाव्या-उजव्या इंडिकेटरच्या पिवळी-हिरवी वेगळ्या, त्यामुळे तिथे हा घोळ नाही. तिथे काळजी वेगळीच असते: ट्रेलरची रुंदी एक मीटरच्या आत हवी, आणि भरलेल्या ट्रेलरचे वजन 150 किलो किंवा मोटारसायकलच्या वजनाच्या दोन-तृतीयांश, यांतले जे कमी असेल त्याच्या आत.

दिव्यांबाबत अमेरिकेचा संघीय नियम, म्हणजे मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक 108, लहान ट्रेलरला थोडी सूट देतो. ट्रेलरची एकूण रुंदी 30 इंचांपेक्षा कमी असेल तर टेल लाइट, ब्रेक लाइट आणि मागचा लाल परावर्तक प्रत्येकी एकच, मधोमध लावला तरी चालतो. मोटारसायकलचे बरेच ट्रेलर मात्र यापेक्षा रुंद असतात आणि त्यांना दोन्ही बाजूंना दिवे लागतात. नंबर प्लेटवरचा दिवा तर कोणालाच चुकत नाही.

आता पहिली अडचण. गोल्ड विंगच्या मागे ब्रेकची वायर वेगळी आणि दोन इंडिकेटरच्या वेगळ्या. म्हणजे मोटारसायकलकडून टेल, ब्रेक, डावा, उजवा आणि अर्थ अशा पाच वायरी येतात आणि ट्रेलरला चारच हव्या असतात. नवशिका माणूस ब्रेकची वायर पिवळीलाही जोडतो आणि हिरवीलाही. मग ब्रेक दाबला की वीज उलट्या वाटेने शिरते आणि मोटारसायकलचे चारही इंडिकेटर एकदम पेटतात. हे चूक आहे यावर मिस्त्री आणि अभियंता यांचे एकमत आहे. पुढच्या वाटा वेगळ्या.

"वाटेत डायोड टाकले की वीज उलटी येत नाही," मिस्त्री म्हणतो. "सिलिकॉनचा डायोड पाऊण व्होल्ट खातो, तेवढं चालवून घ्यायचं."

"उलटी येत नाही हे कबूल, मिस्त्री," अभियंता म्हणतो, "पण ब्रेक दाबून डावीकडे वळायचं असेल तर? ब्रेकची वीज सलग येत राहणार आणि इंडिकेटरची तुटक. दोन्ही एकाच फिलामेंटवर आल्या की फिलामेंट सलगच जळणार. मागच्याला ब्रेक दिसेल, वळण दिसणार नाही. आणि चौकात माणूस ब्रेक दाबूनच वळतो."

या मुद्द्यावर मिस्त्री गप्प बसायला हवा. डायोडला फक्त दिशा कळते. एका बाजूचा इंडिकेटर चालू असेल तेव्हा त्या बाजूचा ब्रेक काढून घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूचा तसाच ठेवायचा, हा निर्णय घेणारे छोटे सर्किट लागते. पाच वायरी घेऊन चार देणारा कन्व्हर्टर हेच काम करतो. पण मिस्त्रीकडे याहून साधा उपाय आहे, आणि तो चांगला आहे: "कन्व्हर्टर घेताय कशाला? ट्रेलरवरच इंडिकेटर वेगळे लावा, पिवळ्या काचेचे. पाच वायरी आल्या, पाच गेल्या. डोकं लावणारी डबी मधे नकोच." लाल दिव्यात मिसळलेल्या मिचकण्यापेक्षा वेगळा पिवळा दिवा मागच्या चालकाला लवकर उमजतो, हाही फायदा. तोटा एवढाच, की असा ट्रेलर उद्या चार पिनांच्या मोटारीला लावता येत नाही. मोटारसायकलसाठीच घेतलेल्या ट्रेलरला त्याने काही बिघडत नाही. इथे मिस्त्रीचे ऐकावे.

खरा वाद यापुढचा: वीज मोटारसायकलच्या दिव्यांच्या वायरीतून घ्यायची, की त्या वायरींचा फक्त इशारा घेऊन वीज थेट बॅटरीतून आणायची?

पहिली रीत थेट जोडणीची. मागच्या दिव्याच्या वायरीला फाटा काढायचा आणि तो ट्रेलरकडे न्यायचा. दुसऱ्या रीतीत मधे आयसोलेटर बसतो. त्यात प्रत्येक दिव्यासाठी एक रिले असतो. मोटारसायकलचा ब्रेक लाइट लागला की रिलेची कॉइल जागी होते, तिचा संपर्क मिटतो आणि बॅटरीपासून फ्यूजमधून आलेली स्वतंत्र वीज ट्रेलरच्या ब्रेक लाइटला मिळते. साध्या मोटारी रिलेच्या कॉइलचा रोध 85 ओहमच्या आसपास असतो, म्हणजे ती सुमारे 0.14 अँपिअर घेते. अमेरिकेत सर्वत्र मिळणाऱ्या 1157 क्रमांकाच्या दुहेरी फिलामेंटच्या बल्बचे ब्रेकचे फिलामेंट 2.1 अँपिअर घेते आणि टेलचे 0.59. असे दोन बल्ब थेट जोडले तर मोटारसायकलच्या ब्रेकच्या वायरीवर 4.2 अँपिअरचा जादा भार पडतो. आयसोलेटर लावला तर एका कॉइलपुरता.

"रिले म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू," मिस्त्री म्हणतो. "साहेब, वायरला वायर जोडली की त्यात बिघडण्यासारखं काही उरत नाही. नेवाडाच्या वाळवंटात रात्री दिवा गेला तर माझ्याकडे पक्कड आणि टेप असते. तुमची डबी गेली तर तुम्ही काय करणार?"

"डबी गेली तर ट्रेलर अंधारात जाईल, मोटारसायकल नाही. तुमच्या जोडणीत उलट होतं. ट्रेलर जे काही करून घेईल ते मोटारसायकलला भोगावं लागतं."

अभियंत्याचा रोख कशावर आहे ते ट्रेलरच्या पोटाखाली वाकून पाहिले की कळते. वायर फ्रेमच्या पत्र्यातल्या एका भोकातून आत शिरते. भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट असायला हवे, ते पहिल्या उन्हाळ्यातच तडकून पडते. मग पत्र्याची धारदार कड आणि वायरीचे प्लास्टिक यांच्यात प्रत्येक खड्ड्याला घासाघीस सुरू होते. वरून टायरने उडवलेले पाणी आणि खडी. एक दिवस तांबे उघडे पडते. तांबे फ्रेमला टेकते ते बहुधा ब्रेक दाबल्यावरच, कारण तेव्हाच ट्रेलर पुढे रेटतो आणि सगळे हलते. शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. थेट जोडणीत तो फ्यूज मोटारसायकलच्या ब्रेक लाइटचा असतो, आणि काही गाड्यांत त्याच फ्यूजवर हॉर्नही असतो. चालकाच्या पुढ्यातला दिवा लागतो आहे, इंजिन चालते आहे, ब्रेक नेहमीसारखा धरतो आहे. आपण मागच्याला काहीच सांगत नाही आहोत, हे त्याला कळायला मार्ग नाही.

मिस्त्री हा धोका नाकारत नाही. "प्रत्येक फाट्यावर छोटा फ्यूज टाका," तो म्हणतो. "गाडीचा पंधराचा, माझा पाचचा. आधी माझा उडेल."

नेहमी उडेलच असे नाही. एकामागोमाग एक बसलेल्या दोन फ्यूजपैकी लहान फ्यूज आधी वितळतो खरा, पण पूर्ण शॉर्टमध्ये प्रवाह इतका झटकन चढतो की काही वेळा दोन्ही जातात. बल्बच्या ट्रेलरला 4.2 अँपिअर लागतात म्हणून पाचपेक्षा लहान फ्यूज बसवता येत नाही, आणि पाच-दहा किंवा पाच-पंधरा या जोडीत अंतर थोडे राहते. ट्रेलरवर एलईडी असतील तर गोष्ट बदलते. एलईडीचा ब्रेक लाइट एका अँपिअरच्या अंशावर भागतो, एकचा फ्यूज पुरतो, आणि मग मिस्त्रीची योजना बऱ्यापैकी भरवशाची होते. एलईडीने या जुन्या वादातली अर्धी हवा काढली, असे म्हणायला हरकत नाही.

भाराचा आणखी एक भाग आहे. जुन्या गाड्यांत ब्रेक लाइटचा सगळा प्रवाह हँडलवरच्या चिमुकल्या स्विचमधून जातो. त्याचे संपर्क मूळच्या बल्बांच्या मापाचे असतात. भार दुप्पट केला की ते जळून काळे पडतात आणि मग ब्रेक लाइट कधी लागतो, कधी नाही. इंडिकेटरच्या फ्लॅशरचेही तसेच. द्विधातू पट्टीचा जुना फ्लॅशर प्रवाहाच्या उष्णतेवर चालतो, त्यामुळे बल्ब वाढला की तो जलद मिचकतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर भार कमी झाला की जलद मिचकतो, कारण बल्ब गेला असे त्याला वाटते. ट्रेलरवर एलईडी लावल्याने ही तक्रार येत नाही, मोटारसायकलचे मूळ बल्ब तिथेच असतात. मोटारसायकलचेच बल्ब बदलून एलईडी केले की येते. मग लोक समांतर 6 ओहमचा रोध लावतात. 13.8 व्होल्टला तो जवळजवळ 32 वॅट नुसते तापण्यात घालवतो, आणि असा रोध प्लास्टिकच्या फेअरिंगला चिकटवलेला पाहिला की वीज वाचवायला एलईडी घेतली होती, याची आठवण करून द्यावीशी वाटते.

अल्टरनेटरचा हिशोब मात्र चटकन उरकतो. ब्रेकचे दोन, टेलचे दोन आणि बाजूचे चार छोटे बल्ब मिळून ट्रेलर साधारण 85 वॅट घेतो. जीएल1500 चा अल्टरनेटर 546 वॅटचा होता, तिथे हे ओझे जाणवे, विशेषतः गरम जॅकेटे आणि जादा दिवे लावलेले असताना. जीएल1800 चा अल्टरनेटर 1100 वॅटचा आहे, तिला ते लागत नाही.

थेट जोडणीचा पक्ष खऱ्या अर्थाने मोडला तो नव्या गाड्यांनी. बॉशने 1983 मध्ये ज्यावर काम सुरू केले आणि 1986 मध्ये डेट्रॉइटला जगापुढे मांडले, ते कॅन बसचे जाळे आधी मोटारींत आणि मग मोटारसायकलींत आले. बीएमडब्ल्यूने ते 2004 च्या आर1200जीएसमध्ये आणले, हार्लेच्या टूरिंग गाड्यांत 2014 च्या मॉडेलपासून आले. या गाड्यांत हँडलवरचा स्विच दिव्याला वीज देत नाही. तो नियंत्रकाला निरोप देतो, नियंत्रक दिवा लावतो आणि त्या दिव्याचा प्रवाह मोजतही राहतो. अपेक्षेपेक्षा जास्त प्रवाह दिसला की तो शॉर्ट समजून ती वाट बंद करतो. थंड फिलामेंट पेटताना क्षणभर नेहमीच्या दहापट प्रवाह ओढते, म्हणजे ट्रेलरचा बल्ब निर्दोष असला तरी नियंत्रकाचा गैरसमज होऊ शकतो.

"म्हणूनच मी जुनी गाडी ठेवलीय," मिस्त्री म्हणतो.

"ठेवा. पण गिऱ्हाईक 2018 ची गोल्ड विंग घेऊन आलं, सगळीकडे एलईडी असलेली, तर तिच्या टेल लाइटच्या वायरीवर 1157 चे दोन बल्ब टांगणार का?"

"नाही टांगणार. त्या वायरीची ती ताकदच नाही."

इथे वाद संपतो. नियंत्रकावर चालणाऱ्या कोणत्याही गाडीला आयसोलेटरच हवा, आणि तोही रिलेचा नव्हे, ट्रान्झिस्टरचा. कारण अशा काही गाड्यांत एकच एलईडी टेलसाठी मंद आणि ब्रेकसाठी पूर्ण लावायची असते, आणि मंद करण्यासाठी वीज सेकंदाला शेकडो वेळा तोडून-जोडून दिली जाते. रिलेची कॉइल त्या तुटक विजेवर थरथरते, तिचे संपर्क कडकड वाजतात आणि थोड्याच दिवसांत जळतात. घेताना डबीवर ती अशा तुटक विजेसाठी बनवली आहे का, हे वाचून घ्यावे. गाडीच्या मूळ कपलरमध्ये बसणारे, वायर न कापता लावता येणारे हार्नेसही मिळतात. थोडे महाग पडतात, पण गाडी विकताना काढून घेता येतात.

आता अर्थचा विषय, जिथे अभियंता श्रोता होतो आणि मिस्त्री शिकवतो. ट्रेलरच्या दिव्यांचा तऱ्हेवाईकपणा पाहिला की मिस्त्री सर्वांत आधी पांढरी वायर हातात घेतो. डावा इंडिकेटर दिला आणि ट्रेलरवर डावीकडचा दिवा जेमतेम, टेल लाइटही त्याच तालावर मिणमिणता मिचकतो आहे, असे दिसले तर दोष अर्थचा. वीज डाव्या फिलामेंटमधून पार पडते, पुढे परतायला अर्थ मिळत नाही, तेव्हा ती टेलच्या फिलामेंटमधून उलटी फिरून तपकिरी वायरीने मोटारसायकलच्या टेल लाइटमार्गे घरी पोचते. दोन-तीन फिलामेंटे एकामागे एक आल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला थोडे-थोडे व्होल्ट येतात. आयसोलेटर असेल तर ही उलटी वाट रिलेपाशी तुटते, दिवे नुसते बंद राहतात. दोष शोधायला ते सोपे.

पांढरी वायर न टाकता हुकाच्या गोळ्यावर भिस्त ठेवणे, हे या दोषाचे नेहमीचे कारण. गोळ्याला ग्रीस लावलेले असते, कप्लिंगला रंग, मधे गंज. त्यातून मोटारसायकलचा ट्रेलर झुकता यावा म्हणून मधे फिरता सांधा, तोही ग्रीसमध्ये. गाडी उभी असताना स्पर्श होतो आणि मीटर चांगले वाचन दाखवतो; चालताना तो दर सेकंदाला सुटतो. पांढरी वायर बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी आणि ट्रेलरमध्ये प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी टाकावी. फायबरच्या पेट्या वीज वाहत नाहीत, आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर स्क्रूखाली पांढरट गंज धरतो, त्यामुळे फ्रेमवर विसंबणे दोन्हीकडे महागात पडते.

वायरीची जाडी हा विषय लोक दुर्लक्षितात, कारण दिवा लागतो तर खरा. अमेरिकी 18 गेजच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे 0.021 ओहम. बॅटरीपासून ट्रेलरच्या शेपटीपर्यंत चार मीटर धरा, जाऊन-येऊन आठ. दोन बल्बांचे 4.2 अँपिअर त्यातून गेले की 0.7 व्होल्ट वाटेतच जातात. 12.8 व्होल्टमागे हा तोटा साडेपाच टक्क्यांचा, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या जवळपास साडेतिसऱ्या घाताने घटतो, म्हणून उजेड सतरा-अठरा टक्क्यांनी कमी होतो. 14 गेजची वायर घेतली तर तोटा पाव व्होल्टच्या थोडा वर राहतो. निदान अर्थची वायर तरी जाड घ्यावी, कारण सगळ्या दिव्यांचा परतीचा प्रवाह तिच्यातूनच जातो. एलईडीला हा हिशोब लागू नाही. तिथे जाडी प्रवाहासाठी नको, ओढाताण सोसण्यासाठी हवी.

सांध्यांवरून दोघे पुन्हा भांडतात. दाबून बसवायच्या, वायरीचे प्लास्टिक चिरून तांब्याला चावणाऱ्या क्लिपा मिस्त्रीला सोयीच्या वाटतात. अभियंत्याला त्या मान्य नाहीत: पाते काही तारा तोडते, चिरेतून पाणी शिरते, आणि दोन पावसाळ्यांनंतर आत तांबे हिरवे झालेले सापडते. मिस्त्री सोल्डरचा पुरस्कार करतो, तेव्हा अभियंता सांगतो की सोल्डर तारांमध्ये झिरपून जिथे थांबतो तिथे वायर ताठ होते आणि कंपनाने नेमकी त्याच रेषेवर तुटते. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. योग्य पक्कडीने दाबलेला लग, वर आतून गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून हलू न देणे, एवढे केले तर सोल्डर असो-नसो, सांधा टिकतो. नीट बांधलेला सोल्डरचा सांधाही वर्षानुवर्षे चालतो. चावणारी क्लिप मात्र सीटखालच्या कोरड्या जागेपलीकडे वापरू नये.

कपलर लावताना एक बाब तपासायची. चपट्या कपलरची मोटारसायकलकडची बाजू अशी असते की तीन वीजवाहू पिना रबरात झाकलेल्या आणि अर्थची एकच उघडी. ट्रेलरकडची याच्या उलट. म्हणजे ट्रेलर सुटला आणि कपलर धातूवर आपटला तरी शॉर्ट होत नाही. हे उलटे बसवलेले ट्रेलर पाहायला मिळतात, आणि मग रिकाम्या कपलरमुळे फ्यूज उडतात. वायरीची लांबी गाडी दोन्ही बाजूंना पूर्ण झुकवून ठरवावी. मोटारसायकल वळताना चाळीस अंशांपर्यंत झुकते आणि ट्रेलर सरळच राहतो, त्यामुळे मोटारीच्या मापाने कापलेली वायर पहिल्या घाटात ओढली जाऊन निघते. फार सैल सोडली तर ती रस्त्यावर घासते किंवा सायलेन्सरला चिकटते. सुरक्षा साखळीच्या कड्यांत ती गुंफणेही बरे नव्हे. साखळी ताणली की आधी वायर चिरडते.

चाचणी ट्रेलरपासून सुरू करावी. मोटारसायकलला हात न लावता ट्रेलरचा कपलर एका बारा व्होल्टच्या बॅटरीला फ्यूजसह जोडून एकेक दिवा पाहावा. मगच मोटारसायकलच्या वायरी शोधाव्यात. जुन्या गाडीवर बल्बचा टेस्ट लॅम्प चालतो. नियंत्रक असलेल्या गाडीवर मल्टीमीटरच वापरावा, कारण टेस्ट लॅम्पचा बल्बच नियंत्रकाला भार वाटतो. सुई खुपसून वायर तपासणे टाळावे, ते भोक पुढे पाणी पिते. आयसोलेटरची वीज बॅटरीच्या धन टोकावरून घ्यावी आणि तिचा दहाचा फ्यूज टोकापासून वीतभराच्या आत बसवावा. फ्यूज वायरीला वाचवतो, दिव्याला नाही, म्हणून त्याच्या आधीची वायर जितकी छोटी तितकी बरी.

शेवटी इंजिन चालू करून पाच गोष्टी पाहायच्या: टेल, ब्रेक, डावा, उजवा, आणि ब्रेक धरून ठेवून डावा व मग उजवा. पहिल्या चारांत सगळे बरोबर दिसूनही पाचव्यात वायरिंगची चूक उघडी पडते, कारण तिथेच दोन वायरींची कामे एकमेकांना छेदतात. ही चाचणी एकट्याने करू नये; एकाने सीटवर बसून ब्रेक धरावा, दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. गाडी 2000 च्या आधीची असेल, ट्रेलरवर एलईडी असतील आणि प्रत्येक फाट्यावर छोटा फ्यूज असेल, तर मिस्त्रीची थेट जोडणी चालू शकते. बाकी सर्व ठिकाणी आयसोलेटर घ्यावा, आणि पाचवी चाचणी झाल्याशिवाय ट्रेलर रस्त्यावर काढू नये.